बायपोलरच्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या?

बायपोलर आजाराचं निदान झालं की घरची माणसं डॉक्टरांना दोन गोष्टी हमखास विचारतात. गोळ्या किती दिवस चालतील, आणि शॉक द्यावे लागतील का? जळगावची सरकारी ओपीडी असो की शिरपूरचा एखादा खासगी दवाखाना, प्रश्न हेच असतात आणि ते रास्तच आहेत. त्यांची उत्तरं मानसोपचाराच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बऱ्यापैकी स्पष्ट लिहिलेली आहेत. पण त्या इंग्रजीत आहेत, डॉक्टरांसाठी लिहिलेल्या आहेत, आणि गर्दीच्या ओपीडीत त्या बसून समजावायला कुणाला वेळ मिळत नाही. त्यात खानदेशातलं ऊन, रात्रीची शेतीची वीज, उपासतापास यांचा विचार त्या सूचनांत कुठून येणार? तो आपणच करायला हवा.

आधी आजार नीट ओळखू. समजा, चोपडा तालुक्यातला तिशीतला एक शेतकरी आहे. एरवी कमी बोलणारा, सरळमार्गी. गेले आठ-दहा दिवस तो रात्री जेमतेम दोन तास झोपतोय, तरी दमलेला दिसत नाही. पहाटे तीनला उठून विहिरीचं काम काढतो. रान अडीच एकर, पण दहा हजार टिश्यूकल्चर केळीच्या रोपांची ऑर्डर उधारीवर देऊन बसलाय. बोलण्याचा वेग असा की समोरच्याला मध्ये शब्द टाकता येत नाही. बायकोने अडवलं तर अंगावर धावून जातो. आपण आमदार होणार हे त्याला पक्कं ठाऊक आहे. हा उन्माद, म्हणजे मॅनिया. तीन महिन्यांनी हाच माणूस खाटेवरून उठत नाही. कपाशीत गवत कमरेएवढं झालंय, त्याकडे बघवत नाही. जेवण जात नाही, अंघोळ नको वाटते, "मी घरावर ओझं झालोय" असं म्हणतो. हे नैराश्य. आणि या दोन्हींच्या मध्ये असे कितीतरी महिने असतात, जेव्हा तो अगदी पूर्वीसारखा असतो. या मधल्या चांगल्या काळाकडे लक्ष ठेवा, कारण उपचाराचं खरं मर्म तिथे आहे.

मॅनिया किमान आठवडाभर टिकला, किंवा त्यापायी भरती करायची वेळ आली, तर त्याला बायपोलरचा पहिला प्रकार म्हणतात. उत्साह चारेक दिवस चढलेला असतो, कामधंदा चालू असतो, घरच्यांनाही वाटतं "बरंच चाललंय की", आणि त्याच्या जोडीला मोठं नैराश्य येऊन गेलेलं असतं, तो दुसरा प्रकार. दुसरा म्हणजे सौम्य असं समजू नका. त्यातलं नैराश्य फार लांबतं, आणि माणूस खचतो तो त्यानेच.

आपल्याकडे मॅनियाला "बाहेरचं झालंय", "अंगात येतं" म्हणतात आणि नैराश्याला आळस. म्हणून पहिली धाव भगताकडे आणि दुसरी नातेवाइकांच्या टोमण्यांकडे. देशाचं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत झालं (महाराष्ट्र त्यात नव्हता). त्यात हजारी साधारण तिघांना त्या वेळी हा आजार आढळला आणि त्यांच्यातल्या सुमारे ७० टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. देवाला नारळ फोडायला कुणाची हरकत नाही. गोळ्या मात्र सुरू राहू द्या.

सूचना कुणाच्या, आणि त्या किती मानायच्या

जगभरातले अभ्यास गोळा करून, कोणत्या औषधामागे किती भक्कम पुरावा आहे हे तज्ज्ञ मंडळी तपासतात आणि क्रम लावून देतात. त्याला मार्गदर्शक सूचना म्हणतात. बायपोलरसाठी आपल्याकडे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीच्या २०१७ च्या सूचना आहेत. ब्रिटनमध्ये 'नाइस' या संस्थेने २०१४ मध्ये दिलेल्या आणि नंतर सुधारलेल्या सूचना चालतात, तर कॅनडाच्या 'कॅनमॅट' गटाच्या २०१८ च्या सूचना जगभर वापरल्या जातात. त्यांच्यात मतभेद आहेत. डॉक्टर बदलला की चिठ्ठी बदलते, त्याचं एक कारण हे. "पहिल्याला काही कळत नव्हतं" असा अर्थ दर वेळी काढू नका.

एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत आहे. उपचार तीन वेगवेगळ्या कामांसाठी करायचे असतात: चढलेला मॅनिया उतरवणं, नैराश्यातून बाहेर काढणं आणि पुढचा झटका, म्हणजे मॅनिया किंवा नैराश्याची पुढची फेरी, येऊ न देणं. तिन्ही कामांना एकच औषध सारखं लागू पडेल असं नाही. त्यामुळे डॉक्टरांना विचारायचा सगळ्यात उपयोगी प्रश्न असा: ही गोळी यातल्या कोणत्या कामासाठी आहे?

मॅनिया चढलेला असताना

इथे पहिली गरज झोपेची आणि सुरक्षिततेची. रुग्ण नैराश्यावरची गोळी घेत असेल तर ती बंद करतात, कारण ती आगीत तेल ओतू शकते. आधीपासून लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध चालू असेल तर रक्तातली पातळी तपासतात. पुष्कळदा भानगड तिथेच असते, गोळ्या घरात असतात पण पोटात गेलेल्या नसतात.

'नाइस'चं म्हणणं असं की ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, क्वेटियापिन किंवा हॅलोपेरिडॉल यांपैकी एक सुरू करा. ते सोसलं नाही किंवा लागू पडलं नाही तर दुसरं घ्या, आणि तेही कमी पडलं तर लिथियम जोडा. 'कॅनमॅट' लिथियम, डायव्हॅल्प्रोएक्स (व्हॅल्प्रोएटचाच एक प्रकार), क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल अशा बऱ्याच औषधांना पहिल्या फळीत बसवतं. आजार जोरात असेल तर सुरुवातीलाच दोन औषधांची जोडीही चालते म्हणतं. लिथियमला असर दाखवायला आठवडाभर तरी लागतो, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत झोपेसाठी लोराझेपाम किंवा क्लोनाझेपाम देतात. ही झोपेची गोळी थोड्या दिवसांची पाहुणी, ती पुढे वर्षभर चालू ठेवायची नसते. साधारण दोन आठवड्यांत काहीच उतार दिसला नाही तर डॉक्टर औषध किंवा डोस बदलतात.

थायरॉइड वाढलेला असणं, स्टेरॉइडच्या गोळ्या, गांजा यांनीही मॅनियासारखी अवस्था येते. म्हणून पहिल्याच भेटीत रक्त तपासायला सांगितलं तर "उगाच खर्च" म्हणू नका. गांजा किंवा मोहाची दारू चालू असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लपवलं तर निदानच चुकतं.

नैराश्य: इथे सगळ्यात जास्त गफलत होते

बायपोलरचा रुग्ण मॅनियापेक्षा नैराश्यात कितीतरी जास्त काळ घालवतो. डॉक्टरकडे तो स्वतःहून येतो तेही याच काळात. मॅनियात त्याला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही. मग तो "मन लागत नाही, झोप नाही" एवढंच सांगतो, त्याला साध्या नैराश्याची गोळी मिळते, आणि काही आठवड्यांत तो एकदम उधळतो. म्हणून नैराश्याच्या तक्रारीसाठी गेलात तरी मागे कधी "जास्तच बरं" वाटल्याचे दिवस येऊन गेलेत का, घराण्यात कुणाला असा त्रास होता का, हे न विचारता सांगा. सोबत बायको, आई किंवा भाऊ असेल तर फार बरं. ते दिवस रुग्णाला आठवत नाहीत, घरच्यांना चांगले आठवतात.

पहिल्या प्रकारच्या बायपोलरमध्ये नैराश्यावरची गोळी एकटी देऊ नये, यावर सूचनांचं एकमत आहे. सोबत मूड स्थिर ठेवणारं औषध हवंच. 'कॅनमॅट'च्या पहिल्या फळीत क्वेटियापिन, लिथियम, लॅमोट्रिजिन आणि लुरासिडोन आहेत. 'नाइस' फ्लुऑक्सेटिन आणि ओलान्झापिनची जोडी किंवा एकटं क्वेटियापिन आधी सुचवतं. दुसऱ्या प्रकारच्या नैराश्यात क्वेटियापिनमागचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे.

लॅमोट्रिजिनबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. नैराश्य परत येऊ नये म्हणून हे चांगलं औषध आहे, वजन वाढवत नाही, गुंगी आणत नाही. पण ते मुंगीच्या पावलांनी वाढवावं लागतं: पहिले दोन आठवडे २५ मिलीग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५०, आणि सोबत व्हॅल्प्रोएट चालू असेल तर त्याच्या निम्मं. घाई केली तर अंगावर जीवघेणं पुरळ उठण्याचा धोका वाढतो. पुरळ दिसलं, तोंड आलं, डोळे लाल झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मध्ये पाच-सहा दिवस गोळ्या चुकल्या तर जुन्याच डोसवर परत सुरू करायचं नाही. डॉक्टरांना विचारून बहुधा पुन्हा तळापासून चढावं लागतं. लग्नाला गावी गेलो, गोळ्या घरी राहिल्या, असं झालं तर हे लक्षात असू द्या.

या आजारात आत्महत्येचा धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा खूप जास्त असतो. जास्त जपायचे दिवस म्हणजे नैराश्याचे, आणि त्यातही बेचैनी आणि नैराश्य एकत्र आलेले. आपल्याकडे कपाशीच्या घरात फवारणीचं औषध ओसरीवर, खाटेखाली सहज पडलेलं असतं. ते त्या दिवसांत शेजाऱ्याकडे किंवा कुलपात ठेवा. गोळ्यांची पाकिटं घरच्यांनी स्वतःकडे ठेवा. मनात मरणाचा विचार येतो का, असं थेट विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास चालू असते, मराठीतून बोलता येतं, फोन फुकट आहे. प्रयत्न करून झालेला असेल तर पोलीस केस होईल या भीतीने दवाखाना टाळू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा नाही.

आता मुख्य प्रश्न: किती दिवस?

"आते बरं वाटस ना, मंग गोया कसाले?" (आता बरं वाटतंय ना, मग गोळ्या कशाला?) हे वाक्य खानदेशातल्या प्रत्येक मानसोपचारतज्ज्ञाने ऐकलेलं असणार. बायपोलरचे बहुतेक उलटलेले झटके याच वाक्यापाशी सुरू होतात. बरं वाटतंय ते गोळ्यांमुळे, हे मनाला पटायला अवघड असतं, कारण गोळी बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. पंधरा दिवस जातात, महिना जातो, माणूस म्हणतो "बघा, काही झालं नाही". मग एका आठवड्यात सगळं घर हादरतं.

सूचनांचं उत्तर असं आहे. दोन किंवा जास्त झटके येऊन गेलेले असतील तर दीर्घकालीन उपचार हवेच, म्हणजे कित्येक वर्षं आणि बऱ्याच जणांना आयुष्यभर. पहिलाच मॅनिया असला तरी तो मोठा असेल तर प्रतिबंधक उपचार लवकर सुरू करावेत, असं 'कॅनमॅट' म्हणतं. जितके झटके वाढतात तितका पुढचा आवरणं कठीण जातं, आणि नोकरी, शेत, संसार यांचं झालेलं नुकसान भरून येत नाही. थांबायचंच असेल तर डॉक्टरांशी ठरवून, हळूहळू. लिथियम कमीत कमी चार आठवडे आणि शक्यतो तीन महिने घेऊन उतरवत न्यावं, असं 'नाइस' सांगतं. एकदम तोडलं तर मॅनिया उसळून येण्याचा धोका मोठा असतो. पूर्ण बंद झाल्यावरही दोन वर्षं लक्ष ठेवायला सांगितलंय.

या तिसऱ्या कामासाठी, म्हणजे पुढचा झटका रोखण्यासाठी, लिथियम हे आजही सगळ्यात भरवशाचं औषध आहे. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये मॅनियावर त्याचा उपयोग दाखवला. नंतर डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊ यांनी त्याचे रीतसर अभ्यास केले. लिथियम आत्महत्यांचं प्रमाणही कमी करतं. ते स्वस्त आहे, भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याला कुणी कंपनी जोरात खपवत नाही, कदाचित म्हणूनच ते मागे पडत चाललंय. डॉक्टर लिथियम देऊ म्हणाले तर घाबरू नका, पण त्याचे नियम पाठ करा.

पातळी, आणि खानदेशचं ऊन

लिथियम कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विष. मधली पट्टी अरुंद आहे. नेहमीच्या वापरात रक्तातली पातळी (लिटरमागे मिलिमोलमध्ये) ०.६ ते ०.८ ठेवतात, मॅनिया जोरात असताना १.० पर्यंत नेतात, आणि १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका असतो. सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर साधारण आठवड्याने, मग पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी तपासणी. किडनी, थायरॉइड आणि कॅल्शियम दर सहा महिन्यांनी.

रक्त द्यायचं ते शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. इथे नेमकी चूक होते. साक्रीहून किंवा यावलहून पहिल्या एसटीने येणारा रुग्ण घरून निघताना सवयीने सकाळची गोळी घेतो, आणि लॅबमध्ये पातळी उगाच वाढलेली दिसते. मग डोस कमी होतो आणि दोन महिन्यांनी आजार परत येतो. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला रक्त द्या, सकाळची गोळी कागदात बांधून सोबत न्या आणि रक्त देऊन झाल्यावर घ्या. लॅबवाल्यांसाठीही एक गोष्ट: हिरव्या टोपणाच्या काही नळ्यांत लिथियमचंच क्षार असतं. त्यात रक्त घेतलं तर रिपोर्ट खोटा येतो.

आता उन्हाचं. आपली किडनी लिथियमला मिठातल्या सोडियमसारखंच वागवते. घाम गेला, उलट्या-जुलाब झाले, पाणी कमी पडलं की किडनी सोडियम धरून ठेवते आणि त्याच्यासोबत लिथियमही. म्हणून गोळ्या तेवढ्याच असूनही पातळी चढते. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि याच दिवसांत लग्नं, आखाजी (अक्षय तृतीया), शेताची नांगरट. त्याआधी चैत्रात सप्तशृंगी गडाकडे पायी जाणाऱ्यांचे जथे निघतात. लिथियमवरच्या माणसाने यातलं काही वर्ज्य करायचं कारण नाही. पण पाणी ठरवून, तहान लागायची वाट न पाहता प्यावं. घाम फार गेला असेल तर मीठ घातलेलं ताक किंवा ओआरएस घ्यावं. चालणं पहाटे आणि संध्याकाळी. उपास चालेल, निर्जळ नको. हरतालिका आणि रोजे या दोन्हींच्या आधी डॉक्टरांशी वेळा ठरवून घ्या. बीपी निघालं म्हणून मीठ एकदम तोडू नका. जेवणातलं मीठ रोज साधारण सारखं राहिलं की पातळीही सारखी राहते. जुलाब-उलट्या लागल्या तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

दुसरा धोका मेडिकलच्या काउंटरवर आहे. कंबर धरली की डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा ॲसिक्लोफेनॅक सहज मिळतं. या वेदनाशामक गोळ्यांनी लिथियमची पातळी वाढते. बीपीच्या रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन यांनीही वाढते. टेल्मिसार्टन-एच सारख्या गोळीतला 'एच' म्हणजे लघवी वाढवणारं औषध, ते तर जास्तच. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं. लिथियम चालू असल्याची चिठ्ठी पाकिटात ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला, प्रत्येक मेडिकलवाल्याला दाखवा.

हात थोडे थरथरणं, तहान आणि लघवी वाढणं हे नेहमीचे दुष्परिणाम. पण थरथर इतकी वाढली की चहाचा पेला धरवत नाही, चालताना झोक जातो, जीभ जड होते, गुंगी येते, उलट्या-जुलाब सुरू होतात, तेव्हा ती विषबाधा समजा. गोळी थांबवा आणि थेट दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका. थायरॉइड मंदावला तर त्याची वेगळी गोळी सुरू करून लिथियम बहुधा चालू ठेवता येतं.

सातपुड्याच्या पट्ट्यातल्या, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यातल्या वाचकांसाठी एक मुद्दा. सिकलसेल आजारात किडनीची पाणी धरून ठेवण्याची ताकद कमी होते. घरात सिकलसेल असेल तर लिथियम सुरू होण्याआधीच ते सांगा, म्हणजे डॉक्टर औषधाची निवड किंवा तपासण्यांचं वेळापत्रक बदलतील.

ओलान्झापिन आणि क्वेटियापिन यांनी वजन, साखर आणि चरबी वाढते. म्हणून वजन, कमरेचा घेर, साखर, लिपिड यांची नोंद पहिल्या दिवसापासून हवी. हात-पाय आखडू नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलने घाम कमी येतो, त्यामुळे ती गोळी घेणाऱ्यानेही उन्हात जपावं.

मुलीचं लग्न जमलंय आणि गोळ्या चालू आहेत

हे लिहिताना मन जड होतं, कारण आपल्याकडे हे सर्रास घडतं. लग्न जमलं की सासरी कळू नये म्हणून गोळ्या बंद. किंवा लग्न केलं की बरी होईल, म्हणून घाईने लग्न. जागरण, ताण, नवं घर आणि एकदम तुटलेलं औषध, यातून वर्षाच्या आत झटका येतो आणि दोष मुलीवर येतो.

मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रीला व्हॅल्प्रोएट देऊ नये, असं सूचना ठामपणे सांगतात. गरोदरपणात ते चालू राहिलं तर १०० पैकी साधारण १० बाळांत जन्मतः व्यंग आढळतं आणि ३० ते ४० मुलांच्या वाढीत, शिकण्यात अडचणी येतात. फॉलिक ॲसिड घेतल्याने हा धोका जात नाही. ब्रिटनने २०२४ पासून ५५ वर्षांखालच्या पुरुषांसाठीही हे औषध नव्याने सुरू करण्यावर बंधनं घातली आहेत. कार्बामाझेपिन या मूड स्थिर ठेवणाऱ्या आणखी एका औषधाने गर्भनिरोधक गोळ्या निकामी होतात, हेही ठाऊक असू द्या. पण दिवस गेले म्हणून स्वतःच सगळं बंद करणं तितकंच धोक्याचं. मूल हवं असेल तर काही महिने आधी डॉक्टरांशी बोला, औषध बदलून घ्या. आणि बाळंतपणानंतरचे पहिले आठवडे डोळ्यांत तेल घालून जपा. बायपोलर उलटण्याचा धोका बाईच्या आयुष्यात त्या दिवसांइतका क्वचितच असतो. रात्री बाळाला दुसऱ्या कुणी घ्यावं आणि आईला सलग झोप मिळावी, हाही त्या काळात उपचारच आहे.

शॉक

शॉक बहुतेकांना लागत नाहीत. खाणंपिणं सुटलेलं तीव्र नैराश्य, आत्महत्येचा तातडीचा धोका, पुतळ्यासारखं निश्चल होणं, औषधांना दाद न देणारा मॅनिया, अशा वेळी सूचना ईसीटी, म्हणजे हाच शॉक, सुचवतात, आणि तिथे तो फार गुणकारी ठरतो. २०१७ च्या कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देण्यावर बंदी आहे. रुग्ण झोपलेला असतो, काही मिनिटांत उरकतं. आठवड्याला दोन-तीन याप्रमाणे सहा ते बारा वेळा देतात. त्या काळातल्या काही आठवणी पुसट होतात. हे आधी सांगायला हवं, आणि तुम्ही विचारायला हवं.

झोप, विजेचं वेळापत्रक आणि घर

नुसत्या गोळ्यांवर हा आजार आवरत नाही. रुग्णाला आणि घरच्यांना आजार नीट शिकवणं, ज्याला सायकोएज्युकेशन म्हणतात, ते 'कॅनमॅट'ने प्रतिबंधाच्या पहिल्या फळीत ठेवलंय. कुटुंबासह समुपदेशन, विचारांवर काम करणारी सीबीटी, आणि झोप-जेवण-कामाच्या वेळा बांधून देणारी उपचारपद्धती यांचाही उपयोग होतो. तालुक्याच्या गावी असा समुपदेशक मिळणं कठीण. मात्र वेळा बांधणं घरी करता येतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

एक रात्र जागून काढली तरी मॅनिया सुरू होऊ शकतो. आपल्याकडे शेतीची वीज काही दिवस रात्री येते आणि पाणी भरायला मध्यरात्री रानात जावं लागतं. त्या चोपड्याच्या शेतकऱ्याच्या घरी रात्रीची पाळी भावाने घ्यावी, सालदाराने घ्यावी, त्याने नाही. नवरात्रातला जागर, कानबाईची रात्र, लग्नाची वरात, इथे तो दहाला झोपायला गेला तर नातेवाइकांनी हसू नये.

प्रत्येकाच्या झटक्याची चाहूल वेगळी असते. कुणी फोनवर तासन्‌तास बोलू लागतो, कुणी पहाटे अंगण झाडतो, कुणी उधारी करतो, कुणाला अचानक धर्माचं फार वेड लागतं. मागच्या दोन झटक्यांच्या आधीचे पंधरा दिवस आठवा, खुणा लिहून काढा. झोप दोन रात्री निम्म्यावर आली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. त्या टप्प्यावर डोस थोडा वाढवून भागतं. आठवड्याने गाडी करून धुळ्याला न्यावं लागतं. महाराष्ट्रातली चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, म्हणजे खानदेशापासून दूर. आपल्यासाठी जवळचा आधार जळगाव, धुळे आणि नंदुरबार इथली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी.

शेवटचं काम चांगल्या दिवसांत करायचं, रुग्णाने स्वतः. एक कागद घ्यायचा. त्यावर लिहायचं: माझी चाहूल अमुक, तेव्हा मला या डॉक्टरांकडे न्या, हे औषध मला मानवतं, ते मानवत नाही. एटीएम कार्ड आणि ट्रॅक्टरची चावी बायकोकडे द्या. सातबाऱ्याचा कोणताही व्यवहार त्या काळात होऊ देऊ नका. माझ्या वतीने निर्णय घ्यायला माझा अमुक भाऊ. २०१७ च्या कायद्यात याला रीतसर जागा आहे. उपचारांबद्दलचा आगाऊ निर्देश आणि नामनिर्देशित प्रतिनिधी, दोन्ही रुग्णाचे हक्क आहेत. एक प्रत घरात, एक त्या भावाकडे, एक डॉक्टरांच्या फाइलमध्ये लावायची.